उलटा फिरलेला बाण: सूर्याजवळचे स्विचबॅक, कुलाब्याची वही आणि आपलं पनवेल

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ अर्धे काढलेत, बाकीचे राहू दिलेत.)

आजची सुरुवात माफीने करतो.

मागच्या भागात सूर्याबद्दल बोलता बोलता मी एक वाक्य ठोकून दिलं होतं. “सूर्याचं चुंबकीय क्षेत्र दर अकरा वर्षांनी उलटतं आणि पार्कर यानाने ते उलटताना जवळून पाहिलं.” ऐकायला झकास. पण अर्धं वाक्य बरोबर आणि अर्धं चूक. वाशीला फिजिक्स शिकणाऱ्या एका ताईने दुसऱ्याच दिवशी मेसेज टाकला: “दादा, तू दोन वेगळ्या भाज्या एकाच डब्यात भरल्यास.” मी आधी थोडा वाद घातला, मग वाचायला बसलो, आणि मग लाजलो. ती बरोबर होती. म्हणून आजचा अख्खा भाग त्या दुसऱ्या भाजीवर.

पहिली भाजी पटकन संपवू. सूर्याला उत्तर-दक्षिण ध्रुव आहेत आणि साधारण अकरा वर्षांनी त्यांची अदलाबदल होते. हे सावकाश होतं, महिनेच्या महिने लागतात, आणि सूर्यावर डाग सगळ्यात जास्त असतात त्या काळाच्या आसपास होतं. सध्याच्या चक्राचा तो काळ २०२४ मध्ये आला.

दुसरी गोष्ट घडते सूर्यावर नाही, सूर्यातून निघालेल्या वाऱ्यात. आणि ती काही सेकंदांत, काही मिनिटांत होऊन जाते. बाण इकडे होता, झटकन तिकडे फिरला, थोडा वेळ तसाच राहिला, परत जागेवर. इंग्रजीत तिला स्विचबॅक म्हणतात. मी तोच शब्द वापरणार आहे, कारण या शब्दाशी आपलं एक जुनं नातं निघतंय. येतो त्यावर.

आधी वारा. सूर्यातून सतत विद्युतभारित कणांचा, म्हणजे मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनचा, लोंढा बाहेर पडत असतो. सेकंदाला तीनशे-चारशे किलोमीटर, कधी सात-आठशे. १९५८ मध्ये युजीन पार्कर नावाच्या तिशीतल्या माणसाने हे गणिताने मांडलं. त्याचा लेख ज्या दोन तज्ज्ञांकडे तपासायला गेला त्या दोघांनीही नाक मुरडलं. मासिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना फारशी पटलेली नव्हती. पण गणितात चूक कुणालाच दाखवता येईना, म्हणून त्यांनी लेख छापला. मला हा प्रसंग फार आवडतो. न पटलेली गोष्ट, केवळ चूक सापडत नाही म्हणून छापणं. आपल्या कमेंट सेक्शनमध्ये करून बघा कधी. १९६२ मध्ये मरिनर २ यानाने शुक्राकडे जाता जाता तो वारा प्रत्यक्ष मोजला आणि वाद मिटला.

हा वारा निघताना सूर्याचं चुंबकीय क्षेत्र सोबत ओढून नेतो. समजा, असंख्य धागे आहेत. एक टोक सूर्यात रुतलेलं, बाकीचा धागा वाऱ्याबरोबर बाहेर. सूर्य स्वतःभोवती फिरतो म्हणून लांब गेल्यावर हे धागे वळतात, बागेतल्या फिरत्या फवाऱ्याच्या पाण्यासारखे. पण सूर्याच्या अगदी जवळ ते बऱ्यापैकी सरळ असायला हवेत. नेमक्या याच ‘असायला हवेत’ला धक्का बसला.

१२ ऑगस्ट २०१८. पार्कर सोलर प्रोब निघालं. पार्कर स्वतः ९१ वर्षांचे, उड्डाण बघायला हजर. हयात माणसाचं नाव दिलेलं नासाचं ते पहिलंच यान. ६ नोव्हेंबरला ते सूर्यापासून साधारण २ कोटी ४० लाख किलोमीटरवर पोचलं, तोवर इतकं जवळ कुणी गेलेलं नव्हतं. यानावर चुंबकीय क्षेत्र मोजायची यंत्रं आहेत, मागच्या बाजूला एका लांब दांडीवर बसवलेली. दांडीवर का, ते लक्षात ठेवा, परत येणार आहे ते.

माहिती उतरली आणि आलेख बघणारे चक्रावले. एका दिशेने सरळ चाललेली रेघ मध्येच फटकन पलटी मारत होती. परत सरळ. परत पलटी. एखाददुसरी नाही, शेकडो. तशी ही चीज अगदीच नवी नव्हती. हेलिओस आणि युलिसिस या जुन्या यानांनी अशा काही पलट्या नोंदल्या होत्या. पण इतक्या, इतक्या दाट, घोळक्याने येणाऱ्या? पलट्यांचा एक झुबका, मग थोडी शांतता, मग दुसरा झुबका. डिसेंबर २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये पहिले लेख आले आणि तेव्हापासून हा विषय पेटलेला आहे.

आता त्या शब्दाचं सांगतो. स्विचबॅक हा मूळचा डोंगरातल्या वाटेचा आणि रेल्वेचा शब्द. चढ फार उभा असला की रूळ नागमोडी टाकतात, आणि अगदीच जागा नसली तर गाडी एका टोकाला थांबवून, इंजिन दुसऱ्या बाजूला लावून, उलट्या तोंडाने वर काढतात. हे आपल्या बोरघाटात होतं! १८६३ मध्ये घाटातला रेल्वेमार्ग सुरू झाला तेव्हा खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी यायची, थांबायची, इंजिन इकडचं तिकडे, आणि मघाशी मागे असलेला डबा आता पुढे. पुढे १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडलं.

यात बघा, गाडीचं तोंड उलटं झालं, पण प्रवास थांबला का? नाही. ती चढतच होती. पुण्याच्या जवळच जात होती. सूर्यवाऱ्यातल्या स्विचबॅकमध्येही असंच. चुंबकीय क्षेत्राचा बाण उलटा फिरतो, वारा मात्र बाहेरच चाललेला असतो. उलट त्या पट्ट्यात त्याचा वेग आणखी वाढतो. उपमा इथवरच पुरते हां. वाऱ्याला कुणी इंजिन लावत नाही, आणि तो वेग नेमका का वाढतो, त्यातच सगळी मजा आहे.

ताईचा पुढचा प्रश्न खरा अवघड होता. “बाण उलटा दिसला म्हणजे धागा दुमडला असं कशावरून? कदाचित यान दुसऱ्याच धाग्यात शिरलं असेल, ज्याची दिशा मुळातच उलटी आहे.” बरोबर ना? सूर्यावर काही भागांतून धागे ‘बाहेर’ अशा खुणेचे निघतात, काही भागांतून ‘आत’ अशा. यान एका प्रदेशातून दुसऱ्यात गेलं तरी बाण फिरणारच.

यावर उत्तर देतात इलेक्ट्रॉन. सूर्याच्या तापलेल्या वातावरणातून वेगवान इलेक्ट्रॉनांची एक बारीक धार धाग्याला धरून बाहेर पळत असते. जत्रेतली पोरं दोरी धरून एका रांगेत चाललीत असं समजा. दोरी कशीही वळो, हात सोडायचा नाही. आता यान दुसऱ्या धाग्यात शिरलं असेल, तर तिथलेही इलेक्ट्रॉन सूर्याकडून बाहेरच येताना दिसतील, कारण त्या धाग्याचंही मूळ सूर्यातच आहे. पण तोच धागा दुमडला असेल, तर दोरी धरलेली पोरं त्या दुमडीपुरती सूर्याच्या दिशेने परत येताना दिसतील. आणि पार्करने काय पाहिलं? बाण फिरला की इलेक्ट्रॉनांची धारही फिरत होती. धागा तोच. दुमडलेला. इंग्रजी एस अक्षरासारखा.

हे मला कळलं तेव्हा मी खारघर स्टेशनच्या बाहेर वडापाव हातात धरून उभा होतो आणि खरंच दोन मिनिटं खायचं विसरलो. यान एका वेळी एकाच बिंदूवर असतं. त्याला अख्खा धागा कधीच दिसत नाही. तरी पोरांच्या रांगेवरून दोरीचा आकार ओळखला.

आणखी एक खूण आहे. पलटी होताना बाणाची दिशा फिरते, पण त्याची लांबी, म्हणजे क्षेत्राची ताकद, जवळपास तेवढीच राहते. घड्याळाचा काटा फिरावा तशी. त्यावरून या दुमडी म्हणजे धाग्यावरून धावणाऱ्या मोठ्या लाटा आहेत असं मानलं जातं. तंबोऱ्याची तार छेडली की थरथर पुढे पळते, तशी लाट. फक्त ही इतकी मोठी की तार स्वतःवरच पलटते. अशा लाटांना आल्वेन लाटा म्हणतात.

मग ही तार छेडतं कोण? इथे दोन तट आहेत.

एक गट म्हणतो, मूळ सूर्यावरच आहे. पृष्ठभागावर उकळत्या भातासारखे मोठमोठे बुडबुडे येतात, एकेक साधारण तीस हजार किलोमीटर रुंद. त्यांच्या कडांवर बंद कमानीसारखे धागे आणि बाहेर गेलेले उघडे धागे एकमेकांना घासतात, तुटतात आणि भलत्याच जोडीने जुळतात. त्या झटक्याची दुमड वर पळते. पुरावा? ते झुबके आठवा. झुबक्याझुबक्यांमधलं अंतर मागे सूर्यापर्यंत नेऊन मोजलं की ते या बुडबुड्यांच्या मापाशी जुळतं. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये हे आलं. त्याआधी २०२२ च्या मार्चमध्ये युरोपच्या सोलर ऑर्बिटर यानाने सूर्याच्या प्रभामंडलात, म्हणजे कोरोनात, अशाच एका एस आकाराच्या वळणाचा फोटोच टिपला होता.

दुसरा गट म्हणतो, सूर्यावर फक्त छोट्या लाटा निघतात. वारा पसरत जातो, पातळ होतो, आणि वाटेत त्या लाटा फुगत फुगत उलट्या होतात. यांचाही मुद्दा हलका नाही. २८ एप्रिल २०२१ ला पार्कर यान पहिल्यांदा त्या सीमेच्या आत शिरलं जिच्या आत वारा अजून सूर्याच्या चुंबकीय पकडीत असतो. आत गेल्यावर या पूर्ण पलट्या विरळ होतात असं काही संशोधकांना दिसलं. सूर्यावरच तयार होत असतील तर आत जास्त दिसायला हव्यात ना?

माझा कल? बी सूर्यावर पेरलं जातं आणि पीक वाटेत वाढतं असं मला वाटतं. पण हे एका पॉडकास्टवाल्याचं मत आहे, त्याला तेवढीच किंमत द्या.

एवढं भांडण कशासाठी, तर सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा आणि त्याच्या वरचा कोरोना दहा लाख अंशांच्या पुढे. चुलीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं, असा उलटा प्रकार. वर कुणीतरी ऊर्जा पोचवतंय. २०२२ च्या फेब्रुवारीत योग असा आला की वाऱ्याचा एकच झोत आधी पार्करवरून गेला आणि साधारण दोन दिवसांनी आणखी बाहेर असलेल्या सोलर ऑर्बिटरवरून. मधल्या प्रवासात लाटांची ऊर्जा घटली होती, आणि वारा अपेक्षेपेक्षा गरम राहिला होता, वेगही वाढला होता. म्हणजे त्या पलट्या, त्या लाटा, वाऱ्याला खरोखर तापवतायत आणि ढकलतायत. २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं.

आता म्हणाल, आपण नवी मुंबईत बसून याचं काय करायचं. थांबा. नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. रोज तिच्या पाटीवरून जाणारे हजारो जण असतील आणि मीही त्यातलाच एक होतो. या संस्थेचं मूळ जातं थेट कुलाबा वेधशाळेपर्यंत, सन १८२६. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी व्हायला लागल्या. टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे, ते तरुणपणी याच वेधशाळेत कामाला होते.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्याच्या डागांचं चित्र काढता काढता एक पांढरा लखलखाट पाहिला. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळलं. तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या, काही ठिकाणी बॅटरी काढून टाकली तरी संदेश जात होते. लंडनजवळच्या वेधशाळांत फोटोच्या कागदावर नोंद होत असे. तिथली रेघ कागदाबाहेरच गेली. त्या वेळी मुंबईत सकाळ होती, २ सप्टेंबर. कुलाब्यात मात्र माणूस दुर्बिणीला डोळा लावून, टांगलेल्या चुंबकाची हालचाल मोजपट्टीवर वाचून वहीत लिहीत होता. शांत दिवशी तासातासाला, खळबळ असली की बरंच भराभर. कागद संपतो, माणसाची वही संपत नाही. त्या वहीत आडव्या क्षेत्राची घट नोंदली गेली, सुमारे १६०० नॅनोटेस्ला.

ही नोंद जवळपास दीडशे वर्षं कपाटात होती. २००३ मध्ये या संस्थेचे जी. एस. लाखिना आणि एस. ॲलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर ती अभ्यासून प्रसिद्ध केली, आणि आज जगात कुणीही कॅरिंग्टन वादळाची ताकद मोजायला बसला की कुलाब्याच्या आकड्यांपाशी येतो. तुलनेला सांगतो, मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेत आकाश लाल झालं होतं, आठवतंय? त्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे चारशेच्या आसपास गेला होता. मोजायची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे थेट भागाकार करू नका, पण अंदाज येईल. आणि १८५९ मध्ये उपग्रह नव्हते, जीपीएस नव्हतं, वीजजाळं नव्हतं, यूपीआय तर नव्हतंच.

अशा वादळात कळीची असते दिशा. सूर्यवाऱ्यातला बाण उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं क्षेत्र त्याला बऱ्यापैकी अडवतं. दक्षिणेकडे असेल तर दार उघडतं. तोच वारा, तीच ताकद, फक्त बाण फिरलेला. ताई, तू परत मेसेज करायच्या आत सांगतो: सूर्याजवळचे स्विचबॅक पृथ्वीवर मोठी वादळं आणत नाहीत. ती येतात सूर्याने उसळून टाकलेल्या मोठ्या ढगांमुळे. पण बाण कसा फिरतो, हे समजणं दोन्हीकडे लागतं.

आता ती दांडी. १९०० च्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह म्हणजे चुंबकीय गोंगाट. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी जागा उभी केली. लोखंड टाळून, चुंबकीय परिणाम नसलेल्या पोरबंदरच्या दगडात. १९०४ ला तिथे नोंदी सुरू झाल्या, आणि दोन वर्षं कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकदम मोजलं, जुन्या-नव्या आकड्यांची सांधेजोड नीट व्हावी म्हणून. ट्राम धावली १९०७ मध्ये. मला या दोन वर्षांचं भयंकर कौतुक आहे. ट्राम यायच्या आधी! आपल्याकडे रस्ता झाल्यावर गटार आठवतं.

पार्करची दांडी म्हणजे त्याचं अलिबाग. यानाच्या स्वतःच्या वायरींचा, यंत्रांचा गोंगाट असतो, म्हणून मोजणारा शक्य तितका लांब बसवायचा. आपल्या आदित्य-एल१ वरही तेच. २ सप्टेंबर २०२३ ला निघालं (तारीख बघा, कॅरिंग्टन वादळाचीच), ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या जागी पोचलं, आणि त्याच महिन्यात त्याने सहा मीटरची दांडी उघडली. तिच्यावर दोन चुंबकमापक आहेत, एक टोकाला, एक मध्ये. दोघांच्या आकड्यांतला फरक बघून यानाचा स्वतःचा गोंगाट वजा करता येतो. कुलाबा-अलिबागच म्हणा ना. इतक्या लांब येईपर्यंत वाऱ्यातला बाण अगदी किरकोळ झालेला असतो, पाचेक नॅनोटेस्ला. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे साधारण चाळीस हजार आहे.

पार्कर स्वतः १५ मार्च २०२२ ला गेले. त्यांचं यान २४ डिसेंबर २०२४ ला सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवरून गेलं, ताशी सुमारे ६ लाख ९२ हजार किलोमीटर वेगाने. भांडण अजून चालूच आहे.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या फोनमध्ये चुंबकमापक असतो, नकाशातला बाण त्याच्यामुळेच फिरतो. सेन्सर दाखवणारं कुठलंही फुकट ॲप घ्या. आकडा मायक्रोटेस्लामध्ये येईल; एक मायक्रोटेस्ला म्हणजे हजार नॅनो. आधी मोकळ्या मैदानात बघा, सेंट्रल पार्क चालेल. मग घरात फ्रिजजवळ. मग स्टेशनवर, लोकल येताना आणि गेल्यावर. पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहून, प्लीज. तीन आकडे आणि जागेचं नाव मेसेज करा. फोनच्या कव्हरला मॅग्नेट असेल तर आधी ते काढा. मी पहिल्यांदा विसरलो होतो आणि अर्धा तास खारघरमध्ये मोठा शोध लावल्याच्या आनंदात होतो.

पुढच्या भागात तुमचे आकडे घेऊन बसू. आणि ताई, वेळ असेल तर तूही ये, माइक दुसरा आहे माझ्याकडे.